जागा आहे, साहित्य द्या

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी साहित्य देण्याची अंतिम तारीख ही मराठी वाङ्मयातली सर्वांत लवचिक वस्तू आहे. ऑगस्टमध्ये नोटीस लागते, तिच्यात १५ सप्टेंबर असतो. मग गणपती येतात म्हणून ३०. मग परीक्षा, मग दिवाळी. डिसेंबरात ‘अंतिम मुदतवाढ’ लागते, जानेवारीत ‘अखेरची संधी’. फेब्रुवारीत मराठीच्या मॅडम वर्गाच्या दारात उभ्या राहून ‘अरे, काहीतरी द्या रे’ म्हणतात. हे वाक्य कुठल्याच नोटिशीत नसतं, पण साहित्य येतं ते त्याच वाक्यावर.

ही आतली माहिती मला मिळते, कारण आमच्या मजल्यावर एक विद्यार्थी-संपादिका राहते. एसवायबीए, कॉलेज ठाण्यात. दिघ्यात एखादा माणूस गाडीत पुस्तक वाचताना दोनदा दिसला की त्याला साहित्यिक समजतात. त्यात मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा सभासद. १८९३ साली स्थापन झालेल्या संस्थेची पावती खिशात असली की माणसाचं मत आपोआप जड होतं. त्यामुळे ही मुलगी रविवारी सकाळी प्लास्टिकची फाईल घेऊन येते, ‘काका, जरा बघा ना’ म्हणते आणि फाईल ठेवून क्लासला पळते. मी बघतो. मराठी साहित्याचं भवितव्य कांद्यापोह्यांच्या बशीशेजारी पडलेलं असतं.

दिघा कुठे, हे नवी मुंबईकरांनाही सांगावं लागतं. महापालिकेच्या आठ विभागांची यादी बेलापूर, नेरूळ, वाशी अशी ऐटीत सुरू होते आणि ऐरोलीपर्यंत येऊन दमते. त्यानंतर दिघा. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीच्या कंपन्या, वर इलठण पाडा आणि तिथलं रेल्वेचं जुनं धरण. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलं की ठाणं आमच्यासाठी परदेश होतं. ट्रान्सहार्बर मार्गावर ‘दिघा गाव’ स्थानक झालं तेव्हा फलाट, जिने, छप्पर, पाट्या सगळं तयार होतं. गाडी मात्र थांबत नव्हती. कित्येक महिने आम्ही ठाण्याहून ऐरोलीला जाताना खिडकीतून आमचंच स्थानक बघायचो आणि ऐरोलीहून रिक्षाने परत यायचो. कारण उद्‌घाटन व्हायचं होतं. ते १२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, अटल सेतूच्याच दिवशी. वार्षिकांकाचंही असंच असतं. छापून गठ्ठे येतात, स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभे राहतात, पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नाही. तोवर ज्यांच्या कविता आत आहेत ती पोरं पास होऊन निघून गेलेली असतात. फीच्या पावतीत ‘मॅगझिन’ या कलमाखाली पैसे भरूनही स्वतःची छापील कविता न पाहिलेले कवी महाराष्ट्रात हजारोंनी सापडतील.

अंकाची बांधणी ठरलेली. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, उघडं पुस्तक आणि पुस्तकातून उडालेले पक्षी. नाव ‘उन्मेष’, ‘स्पंदन’, ‘क्षितिज’ किंवा ‘अंकुर’. जुन्या कॉलेजांची तऱ्हा वेगळी होती. एल्फिन्स्टनचा ‘एल्फिन्स्टोनियन’, विल्सनचा ‘विल्सोनियन’, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा ‘राजारामियन’. दिघ्यात तेव्हा कॉलेज असतं तर अंक ‘दिघियन’ निघाला असता आणि पहिल्या पानावर कंपनीची जाहिरात असती. आत शिरलं की संस्थापकांचा फोटो, अध्यक्षांचा फोटो, प्राचार्यांचं मनोगत, मग संपादकीय. ‘विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेला अंक’ हे वाक्य संपादकीयात असतंच. ते संपादकीय सर लिहितात. संपादक मंडळात सात प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी. विद्यार्थ्यांचं काम साहित्य गोळा करणं, डीटीपीवाल्याकडे चकरा मारणं आणि फोटोत कडेला उभं राहणं.

फोटो हाच अंकाचा वाचला जाणारा भाग. ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ या दोन ओळींइतकं बारकाईने मराठीत दुसरं काही वाचलं जात नसेल. अंक हातात आला की लोक वाङ्मय विभाग अंगठ्याने उडवत थेट तिथे जातात. फोटोत नऊ माणसं आणि खाली नावं दहा, असं झालं तर संपादकाला वर्षभर जिमखान्याच्या बाजूला फिरकता येत नाही.

शेवटच्या पानावर ‘फॉर्म नंबर ४, नियम ८’ असतो. प्रकाशनाचं ठिकाण, नियतकालिकता, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि प्रत्येकाचं राष्ट्रीयत्व. छापखान्यांवर नजर ठेवायला इंग्रजांनी १८६७ साली कायदा केला, त्याची ही शेपटी. २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा केला, तरी गेल्या वर्षीच्या अंकाची फाईल उघडून त्यातच नवा मजकूर ओतायची आमची पद्धत असल्याने ही शेपटी कितीतरी अंकांत वळवळत राहणार. त्याच पानावर आणखी एक अजरामर ओळ असते: ‘या अंकातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही.’ ही ओळ ‘माझी आई’ या कवितेलाही लागू असते.

आता फाईल उघडू. निम्म्या कविता आईवर. आई चंदनासारखी झिजते, दिव्यासारखी जळते, सावलीसारखी उभी राहते. ही आई कळव्याच्या बाजारात भाजीवाल्याशी चार रुपयांसाठी हुज्जत घालणारी, पोराच्या मोबाईलचा पासवर्ड पाठ असणारी नाही. कवितेत आल्याबरोबर ती डोक्यावर पदर घेते. त्यानंतर पाऊस. मग मैत्री. मग ‘ती’. ‘ती’ बहुधा एफवायला दुसऱ्या डिव्हिजनला असते, पण कवितेत ती क्षितिजापलीकडे असते. ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा निबंध दरवर्षी मोबाईलवर टाइप होऊन मोबाईलवरूनच येतो.

सगळ्यांत गमतीचं प्रकरण म्हणजे गाव. दिघ्यातल्याच गणपती पाड्यात जन्मलेला, शाळा-कॉलेज इथेच झालेला, मे महिन्यात आठवडाभर गावी जाऊन तिथे रेंज नाही म्हणून चिडून परत येणारा मुलगा कागद घेतला की लिहितो ओढ्यावर, मोटेवर आणि वासुदेवावर. मोट त्याच्या वडिलांनीही पाहिलेली नसते. ट्रकखाली झोपणारे क्लीनर, तिसऱ्या पाळीचा भोंगा, टँकरमागे धावणारे हंडे, डोंगरउतारावरच्या घरात पहिल्या पावसाच्या रात्री जागणारी माणसं, हे सगळं त्याच्या खिडकीतून दिसतं. पण ते साहित्य आहे अशी त्याला शंकाही येत नाही, कारण पाठ्यपुस्तकात मोट होती आणि भोंगा नव्हता.

यंदा एकच कविता तिघांनी दिली. तिन्हींच्या खाली ‘स्वरचित’. ही कविता व्हॉट्सअ‍ॅपवर गेली काही वर्षं कधी कुसुमाग्रजांच्या तर कधी वपुंच्या नावावर हिंडते आहे आणि त्या दोघांपैकी कुणाचीही नाही. म्हणजे रचणाऱ्यांची संख्या आता पाचावर गेली. एका मुलाने पर्यावरणावर कविता दिली होती. वृत्त बरं, यमकं चोख, आणि शेवटच्या कडव्याखाली अशी ओळ की तुम्हाला हवं असल्यास मी ही कविता अधिक भावनिक करून देऊ शकतो. संपादिकेला वाटलं, मुलगा नम्र आहे. तिने त्याला फोन करून सांगितलं, ‘हो, कर.’ दहा सेकंदांत आली.

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून सह-अभ्यासक्रमालाही क्रेडिटं आहेत, त्यामुळे ‘मॅडम, कविता दिली तर क्रेडिट मिळतं का?’ हा प्रश्न येतो. पाठोपाठ ‘चारोळीला अर्धं मिळेल का?’ हाही येतो. व्यवहार म्हणून मला यात काही गैर दिसत नाही. प्राध्यापक मंडळी पदोन्नतीच्या गुणांसाठी शोधनिबंध छापून आणत होती, तेव्हा आपण त्याला संशोधन म्हणतच होतो.

हे सगळं साहित्य डीटीपीवाल्याकडे जातं. अंक शब्दशः वाचणारा जगात हा एकच माणूस, आणि तोही अक्षराला अक्षर लावून वाचतो, अर्थाला हात लावत नाही. पोरं मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करतात, प्रेसमध्ये अजून श्रीलिपी. एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि रफार शेजारच्या घरी राहायला जातो. ‘दर्याच्या किनाऱ्यावर’ बसलेला कवी छापून येतो तेव्हा ‘दयार्च्या किनायावर’ बसलेला असतो. गद्यात असं झालं तर निदान कुणी विचारतं तरी. कवितेत कुणी विचारत नाही. नवकविता असेल म्हणून सोडून देतात. असे दोन-तीन कवी मला ठाऊक आहेत ज्यांना या रफारामुळे दुर्बोध म्हणून मान मिळाला.

या सगळ्यात एक गोष्ट मला बरीच उशिरा ध्यानात आली. या अंकातून काहीच परत जात नाही. बाहेरच्या मासिकाकडे साहित्य उदंड आणि पानं मोजकी. इथे पानांची संख्या प्रेसच्या कोटेशनमध्ये आधीच ठरलेली असते आणि साहित्य नसतं. ९६ पानांचा अंक ठरला की अहवाल, फोटो आणि जाहिराती वजा जाता उरलेली पानं भरायचीच. त्यामुळे येईल ते जातं. मॅडमना दोष देता येत नाही. चार वर्ग, नॅकची कागदपत्रं, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि त्याआधी जानेवारीतला भाषा संवर्धनाचा पंधरवडा, एवढं सांभाळून त्या कविता मोजतात. वाचणार कधी?

आणि छापून आलेल्या पोराला वाटतं, आपली कविता निवडली.

आमच्या आधीच्या पिढीच्या लेखकांना भेटलं की ते ‘सत्यकथा’ मासिकाच्या ‘साभार परत’ची गोष्ट सांगतात. गिरगावात खटाववाडीत मौजेचं कार्यालय, तिथे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन. गोष्ट सांगताना हे म्हातारे चिडलेले असतात असं प्रथम वाटतं, पण नीट ऐकलं तर चेहरा सासरच्या तक्रारी सांगणाऱ्या सुखी बाईचा असतो. कारण कथा परत यायची ती कधीकधी पत्रासकट. इथे पात्र निसटलंय, तो प्रसंग आधी आणा, शेवट पुन्हा बघा. पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत, हे तर प्रसिद्धच आहे. परत पाठवायला आधी वाचावं लागतं, आणि इतक्या दुरुस्त्या सुचवायला तर दोनदा. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्याच खटाववाडीत ‘सत्यकथे’चा अंक जाळला. माझ्या मते त्या मासिकाच्या वाचकप्रियतेचा याहून मोठा पुरावा नाही. न वाचलेलं मासिक कोण जाळील? कॉलेजचा वार्षिकांक कुणी जाळल्याचं ऐकिवात नाही. तो रद्दीवाला नेतो, आणि आर्ट पेपरला भाव कमी म्हणून कुरकुरत नेतो.

ज्यांना परत येण्याचा कंटाळा आला, त्यांनी स्वतःची मासिकं काढली. १९५५ च्या सुमाराला दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं, ते सायक्लोस्टाइलवर. चित्र्यांचं वय तेव्हा सोळा-सतरा, म्हणजे आजच्या हिशेबाने अकरावी-बारावीचं पोरगं. ना संस्थापकांचा फोटो, ना प्राचार्यांचं मनोगत, ना ‘बसलेले, डावीकडून’. मराठीतल्या लघुनियतकालिकांची वंशावळ तिथून सुरू होते. मी हे संपादिकेला सांगितलं. तिने विचारलं, ‘काका, सायक्लोस्टाइल म्हणजे काय?’ मी समजावलं. मेणाचा कागद, टोचणी, शाई, रूळ. ती म्हणाली, ‘म्हणजे झेरॉक्सच, पण हात काळे होतात.’ मला यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

तर यंदाच्या फाईलमध्ये एक गद्य होतं. शीर्षक नाही, नाव शेवटी बारीक अक्षरात. प्रोजेक्टच्या पाठकोऱ्या कागदांवर हाताने लिहिलेली पाच पानं. लिहिणारा टीवायबीकॉमचा, आमच्याच बाजूच्या पाड्यातला. २०१५ साली उच्च न्यायालयाने दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला आणि इमारती रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा तो चौथीत होता. मला वाटलं, आता अश्रू, टाहो आणि ‘हे विधात्या’ येणार. काही नाही. त्याने लिहिलं होतं एका कपाटावर.

हे कपाट सुताराने खोलीतच बनवलेलं. फळ्या आत आल्या, कपाट आत झालं, आणि बाहेर काढायची वेळ आली तेव्हा कळलं की दारातून ते जात नाही. आडवं केलं, तिरकं केलं, दार बिजागऱ्यांतून काढलं. शेजारचे चार जण आले आणि प्रत्येकाने आपल्या पद्धतीने ‘थोडं तुमच्याकडे’ म्हटलं. ज्याचं स्वतःचं घर खाली करायचं बाकी होतं असा माणूस दुसऱ्याच्या कपाटाच्या भूमितीवर तासभर वाद घालतो, हे त्याने असं लिहिलंय की मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. शेवटी करवत आली. वडिलांनी ट्यूबलाइट, नळ आणि बटणांचे बोर्ड स्क्रू मोजून काढले. दारावरची ४०३ ची पाटीही काढली. नव्या भाड्याच्या खोलीला नंबरच नव्हता, म्हणून तिथे तीच लावली. बैठ्या चाळीत ४०३. कुरिअरवाला चौथा मजला शोधत उभा राहायचा.

मी मुलीला म्हटलं, ‘हे पहिल्या पानावर घ्या.’

ती म्हणाली, ‘काका, पहिल्या पानावर अध्यक्ष असतात.’

मग संपादक मंडळाची बैठक झाली. तिने येऊन सांगितलेला वृत्तांत असा. पहिले सर म्हणाले, लिहिलंय छान, पण विषय वादग्रस्त आहे, कोर्टाचा मामला. दुसरे म्हणाले, शेवट आशादायी करायला सांगा, मुलगा सीए होतो वगैरे. तिसऱ्या मॅडमनी विचारलं, याला ललित म्हणायचं की अनुभवकथन, कारण अनुक्रमणिकेत ललितची जागा भरली आहे. अकाउंटचे एक सर, ज्यांना जाहिरातींचा हिशेब ठेवायला मंडळात घेतलं होतं, ते तोवर कोपऱ्यात पानं चाळत होते. ते म्हणाले, ‘याच्यात घोळ आहे. दुसऱ्या पानावर कपाट कापून खाली नेलंय आणि चौथ्या पानावर आई त्याच कपाटातून चादर काढतेय. ओपनिंग बॅलन्स जुळत नाही.’

बैठकीत शांतता पसरली. लेखातली चूक सापडली याचं कुणाला काही नव्हतं. धक्का बसला तो कुणीतरी चौथ्या पानापर्यंत पोचलं याचा.

ठराव झाला की लेख दुरुस्तीसाठी परत द्यावा. वार्षिकांकातून साहित्य परत जाण्याचा प्रसंग कुणालाच आठवत नव्हता, त्यामुळे परत कसं द्यायचं याची पद्धतच नव्हती. आवक-जावक वहीत नोंद करायची का, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी अकाउंटच्या सरांनीच समासात पेन्सिलीने चार ठिकाणी खुणा करून पानं मुलाच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मुलगा आमच्या जिन्यात उभा. संपादिकेला दाखवायला आला होता. मी दार उघडून म्हटलं, ‘काय रे, वाईट वाटलं का?’

‘नाही हो काका. सरांनी वाचलं! हे बघा, कपाट मी दोनदा बाहेर काढलंय. आणि इथे लिहिलंय, ‘हे वाक्य नको’. खरंच नकोय ते.’

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण बातमी वर्गात गेली, आणि आईवर कविता दिलेली एक मुलगी मॅडमकडे गेली. ‘मॅडम, त्याचं परत आलं, माझं का नाही?’ मॅडम म्हणाल्या, ‘अगं, तुझी घेतलीये.’ ‘पण कुणी वाचली का?’ यावर मॅडमनी नॅकच्या फाईलकडे बघितलं. मग पर्यावरणवाला आला. त्याचं म्हणणं, माझी परत करा, मला ती स्वतः लिहायची आहे. ‘स्वरचित’पैकी दोघांनी मात्र आपली कविता आहे तशीच छापावी असा आग्रह धरला; तिसऱ्याने ती बिनशर्त मागे घेतली.

कपाट आता एकदाच बाहेर पडतं. लेख दुसऱ्यांदा सरांकडे गेला, तर सर म्हणाले, कुरिअरवाल्यापाशी संपवता आलं असतं, पुढचं पान कशाला? पुन्हा परत. मुलगा खुशीत आहे. अंक तोवर छपाईला गेला आणि ललितच्या जागी पावसावरचा निबंध लागला, याचं त्याला फारसं काही वाटलेलं दिसत नाही. सरांच्या टेबलावर ताळेबंदांच्या शेजारी आता रोज चार-पाच कविता ‘जरा बघा’ म्हणून पडलेल्या असतात. संपादिका सांगत होती, सर हल्ली स्टाफरूममधून मागच्या जिन्याने उतरतात. परवा एकाने तिथेही गाठलं म्हणे.